बिब्याच्या शाईची पत्रिका

माझ्या हौसेपायी एकदा जव्हारपासून मोखाड्यापर्यंत माणसं आठवडाभर खाजवत होती.

हौस तशी साधी. कागदाची भेटकार्डं करायची, त्यांवर हाताने कोरलेले शिक्के उमटवायचे, कागदाची फुलं कातरून चिकटवायची. शाळेत मुलांना चित्रकला शिकवता शिकवता मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मी हे सगळं शिकले आणि आमच्या घरातल्या वस्तूंचं सुख संपलं. भेंडी भाजीत पडायच्या आधी शाईत पडायची, कारण तिचं फूल छान उमटतं. बटाट्यावर चांदणी कोरली. जुन्या चपलेच्या तळव्यातून फुलपाखरू काढलं. रद्दी भिजवून मिक्सरमधून फिरवली आणि तिचा कागद केला (त्याला लसणाच्या चटणीचा वास यायचा, पण हातकागद म्हटल्यावर एवढं चालायचंच!). आमच्या ह्यांचं औषधांचं दुकान आहे. ते दुपारी जेवायला आले की आधी प्रत्येक भांड्याचा वास घ्यायचे.

"अगं, ह्या पातेल्यात पिठलं आहे ना?"

"लगदा आहे तो! कागदाचा!"

"सांगायचं ना आधी. दोन घास गेले पोटात."

अशा घरात मयुरीचं, आमच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. मुलगा विक्रमगडचा, निलेश नाव. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, "पत्रिका मी करणार!"

"छापून घेऊ या गं," हे म्हणाले. "त्यात तारीख तरी वाचता येते."

"छापील पत्रिका लोक बघतात आणि फेकतात. माझी पत्रिका छातीशी धरतील!"

(धरली हो. तीच तर पंचाईत झाली.)

खरं सांगायचं तर हा सगळा आटापिटा एका माणसासाठी होता. माझ्या दादासाठी. दादा मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावर राहतो. पाच वर्षांपूर्वी त्याने तिथे नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळा गोतावळा जमला. वहिनीने मोठ्या हौसेने भिंतींना पोपटी रंग लावून घेतला होता. आणि मी, रंगातलं आपल्याला फार कळतं ह्या तोऱ्यात, दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, हे घर आहे की एसटी स्टँडवरची मुतारी?"

काय हशा पिकला! मीही हसले. पोटभर जेवले, श्रीखंड मागून घेतलं. दादा हसला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं, जेव्हा तो माझे फोन उचलेनासा झाला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी राखी पाठवायची, ती पोचली की नाही तेही समजायचं नाही. आणि मयुरीला मामा तो एकच. नवरीला हाताला धरून मामाने बोहल्यावर न्यायचं असतं. लग्न ठरल्यावर मयुरीने दागिने विचारले नाहीत, साड्या विचारल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आई, मामा येईल ना?"

शहाण्या बाईने ह्यावर काय केलं असतं? सरळ जीप पकडून भावाच्या दारात जाऊन उभी राहिली असती. मी काय केलं? मी खोडरबर कोरायला बसले!

खोडरबरातून गणपती कोरला. (चपलेचा तळवा पुष्कळ शिल्लक होता, पण त्यातून गणपती काढलेला ह्यांनी चालू दिला नसता.) गणपती सुरेख झाला, पण विकतची शाई माझ्या कागदावर पसरायची. सोंड कानाला जाऊन मिळायची आणि दोन मिनिटांत देवाचा ढग व्हायचा. मला घट्ट, काळीभोर, न फुटणारी शाई हवी होती. आणि मला आठवला बिबा!

आमच्या भागातल्या जंगलात बिब्याची झाडं ठायी ठायी. त्याच्या काळ्या बीतलं तेल चुन्यात कालवलं की अशी खूण उमटते की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. बाबा भाताच्या पोत्यांवर बिब्यानेच खुणा करायचे. आता बिब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, तोंडाचा भोपळा होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण मला बिबा बाधत नाही! लहानपणापासून नाही. दादा नुसता त्या झाडाखालून गेला तरी सुजून यायचा आणि मी ओच्यात बिबे घेऊन हिंडायचे. तेव्हा मी आपली माझ्यापुरती खात्री करून घेतली: चुना घातला, पत्रिका उन्हात खडखडीत वाळवल्या, की बिब्याचा जोर जातो. एक शिक्का स्वतःच्या हातावर मारून पाहिला. काही झालं नाही. झाला प्रयोग!

दादाच्या पत्रिकेवर मी सगळ्यात जास्त जीव ओतला. गणपती तर होताच, शिवाय कौलारू घर, त्यापुढे हात धरून उभी बहीण आणि भाऊ, आणि चारी बाजूंनी वेल. शाई दुप्पट लागली. आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसरी मामाला देतात, हळदकुंकू लावून, स्वतः जाऊन. मी ती मोखाड्याच्या जीपवाल्याच्या हाती पाठवली. माझा धीरच झाला नाही. तोंड घेऊन जायचं म्हणजे ते उघडावं लागणार, आणि ते उघडलं की काय होतं हे एकदा बघून झालं होतं.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. आवाज दबका होता.

"पत्रिका मिळाली गं. पण ह्यांनी बघितली पण नाय. चुलीत टाकतो म्हणाले."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी एकही शिक्का मारला नाही. हे माझ्या बाबतीत तापापेक्षा गंभीर लक्षण होतं. ह्यांनी कपाळाला हात लावून पाहिला, आणि तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. केळ्यांसारखी सुजलेली!

"साबण बदललास का?" ते म्हणाले. "पत्रिकांच्या घड्या घालत होतो तेव्हापासून नुसती आग होतेय."

साबणाला शिव्या देऊन झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सुमनकाकू आल्या. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला.

"भाऊ, दुकानातलं काही मलम द्या. कपाळावर काय उठलंय बघा."

पदर वर गेला. आम्ही दोघं बघतच राहिलो. काकूंच्या कपाळावर लालभडक फोडांचे दोन गोल कान होते आणि मधून एक सोंड डाव्या भुवईकडे वळली होती.

"हा गणपती आहे," हे हळूच म्हणाले.

"प्रसन्न झाला म्हणायचा का?" काकूंनी घाबरत घाबरत हात जोडले.

ह्यांनी पत्रिका आणली, काकूंच्या कपाळाशेजारी धरली. मग माझ्याकडे वळले. "शाईत काय घातलंस?"

"चुना."

"आणि?"

"थोडं एरंडेल."

"आणि?"

"बिबा," मी म्हणाले. काकूंनी जोडलेले हात सोडले.

आमची माणसं देवभोळी. देवाचं चित्र हातात आलं की आधी कपाळाला लावायचं, मग दोन्ही डोळ्यांना. मला हे माहीत नव्हतं का? मी स्वतः लावते! पुढच्या दोन दिवसांत कोणाची भक्ती किती, हे लांबून ओळखता येऊ लागलं. नुसती बोटं सुजलेली म्हणजे पत्रिका वाचून ठेवून दिली. कपाळ सुजलं म्हणजे श्रद्धा बेताची. डोळेच मिटले म्हणजे माणूस पुण्यवान! विक्रमगडच्या आमच्या विहीणबाई फारच पुण्यवान निघाल्या. ह्यांच्या दुकानातलं खाजेचं औषध एका दुपारी संपलं आणि ते घेणारा प्रत्येक जण आमंत्रणाबद्दल आमचे आभार मानून जात होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. "लग्नात बिब्बा घालणारे पुष्कळ पाहिले हो," ते म्हणाले, "पत्रिकेतून घरपोच देणाऱ्या तुम्हीच!"

"फार चुकलं माझं. जावईबापू तरी बरे आहेत ना?"

व्याही खाकरले. "त्याचे ओठ सुजलेत."

"ओठ? ओठ कसे?"

"ते तुम्ही तुमच्या मुलीचं नाव पत्रिकेवर जिथे लिहिलंय ना, तिथे बघा."

मयुरी लाजून आत पळाली. जव्हारजवळच्या शिरपामाळावर दोघांचे लग्नाआधीचे फोटो काढायचे ठरले होते, ते रद्द झाले. फोनवर निलेश तिला काहीतरी गोड बोलला असावा, पण सुजलेल्या ओठांतून ते तिला काही कळलं नाही.

माझं मन मात्र तिथे नव्हतं. दादाने पत्रिका चुलीत टाकली होती, म्हणजे तो सुखरूप होता. सगळ्या गणगोतात माझ्या हातून वाचलेला तो एकटा! पण बिब्याचा धूर लागला तरी उततं, आणि दादाला तर झाडाची सावलीसुद्धा सोसत नाही. हा विचार डोक्यात आला आणि जी बाई पत्रिका द्यायला गेली नव्हती, ती मोखाड्याच्या जीपमध्ये चालकाच्या शेजारी दाटीवाटीने बसली.

पाड्यावर उतरले आणि घर ओळखू येईना. भिंती पांढऱ्या होत्या. वरून चुना मारला होता, पण पावसाने तो जागोजागी उडाला होता आणि खालून तो पोपटी रंग दिसत होता. एवढा काही वाईट नव्हता तो. खरंच नव्हता. मला तिथेच उभं राहून रडू आलं.

दादा ओटीवर बसला होता. डोक्यावरून टॉवेल घेतलेला, तोंड भिंतीकडे.

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

"मी आहे, दादा."

"सर्दी झालीय मला. जवळ येऊ नको."

वहिनी आतून किसलेलं खोबरं घेऊन आली. "कसली सर्दी!" ती म्हणाली. "बिबा उतलाय. जंगलात गेले नाय, झाडाखाली बसले नाय, कुठून उतला काय कळत नाय." आणि तिने टॉवेल ओढला.

दादाचे दोन्ही डोळे मिटलेले होते. कपाळावर गणपती होता. आणि सदऱ्याची वरची बटणं सुटली होती, तिथे डाव्या छातीवर, खिशाच्या मागे, एक चौकोन उठला होता. त्या चौकोनात कौलारू घर होतं. घरापुढे हात धरून उभी दोन माणसं होती. त्यातली बहीण जास्त सुजली होती.

"चुलीत टाकली म्हणालास ना?" मी विचारलं.

दादा चाचपडत सदऱ्याची बटणं लावू लागला. वहिनीच म्हणाली, "मलाही तसंच सांगितलं होतं. मग रोज खिशात काय घालून फिरता हो?"

"दादा, माझ्यामुळे झालं हे. शाईत बिबा होता. मला बाधत नाही ना, म्हणून मला वाटलं..."

"तुला नायच बाधत," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुला कधीच काय बाधत नाय, बाय. आम्हालाच उततं. पण हा बिब्याचा हाय म्हणून बरा. आठ दिवसांत उतरेल."

मी वहिनीच्या हातून खोबरं घेतलं आणि त्याच्या कपाळाला लावत बसले. पाच राख्या मी पाकिटात घालून पाठवल्या होत्या, आणि जीपने हा रस्ता एवढा जवळचा होता.

"त्या रंगाचं चुकलं माझं," शेवटी म्हणाले.

"कोणता रंग?" दादाने विचारलं, पण माझा हात त्याने बाजूला केला नाही.

निघताना वहिनी जीपपर्यंत आली. "पुढल्या वेळी नुसता फोन कर गं," ती म्हणाली. "कार्ड नको."

चारच दिवसांनी लग्न होतं. दादा आला. सूज पुरती उतरली नव्हती, डोळ्यांच्या जागी दोन फटी होत्या. नवरीला मामाने बोहल्यावर न्यायचं असतं, इथे नवरीच मामाला हाताला धरून नेत होती. "जपून मामा, इथे पायरी आहे," मयुरी म्हणत होती. मांडवात सगळे हसले. मी हसले नाही. पाच वर्षं उशिरा का होईना, एवढं मला जमलं.

शेवटी फोटोवाल्याने दोन्ही घरची माणसं उभी केली. "डोळे उघडा, डोळे उघडा," तो ओरडत होता, आणि आमच्यातले निम्मे लोक "उघडेच आहेत!" म्हणून त्याच्यावर ओरडत होते. तो फोटो आमच्या बैठकीत लावला आहे. पाच वर्षांनी दादाचा आणि माझा एकत्र फोटो निघाला, आणि त्यात त्याचा चेहरा दिसत नाही. फेट्यावरून ओळखावा लागतो. नवरदेवाचे ओठ, विहीणबाईंचे डोळे, ह्यांची बोटं, सगळं तसंच टिपलं गेलं आहे. आणि बरोबर मधोमध मी, नितळ, तुकतुकीत, एक पुरळसुद्धा नाही. परवा एक नवी शेजारीण चहाला आली आणि मी तिला पत्रिकेची सगळी गोष्ट सांगितली. बराच वेळ फोटो निरखून तिने माझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाकी सगळे घरचे दिसतात. तुम्हाला एकट्यांनाच आमंत्रण नव्हतं का हो?"