पाण्याच्या रांगेतली सेगोव्हियाची बाई

भूकंपानंतर जपानमधल्या उरायासूत नळ बंद होते. टँकरच्या रांगेत रोज माझ्यापुढे एक स्पॅनिश बाई असायची. रिकामा कॅन पायाने सरकवत मोडक्या जपानीत ती आपल्या सेगोव्हिया गावाबद्दल सांगायची. मुक्कामालाच या, संध्याकाळी टुरिस्टांच्या बस गेल्या की गाव खरं दिसतं. एकेकाळी गावात पाणी आणणारा उंच दगडी पूल नुसता खालून बघू नका, बाजूच्या पायऱ्या चढा.

"त्यातून आता पाणी येत नाही," ती म्हणाली, "तरी आम्ही पाहुण्यांना आधी तिथेच नेतो. तुमच्या गावात मला आधी कुठे न्याल?"

मी औरंगाबादचा. पाणचक्कीच्या हौदात डोंगरातून जमिनीखालच्या जुन्या नहरीने आलेलं पाणी बघत मी लहानाचा मोठा झालो.

"आमच्याकडे तसं काही नाही," मी म्हणालो. "ताजमहाल बघा."

"तो तुमच्या घराजवळ आहे?" तिने कौतुकाने विचारलं.

मी खाली बघून कॅन पुढे सरकवला.