मास्तरांचा एकांत

मास्तर शिंपी होते, आणि देवाच्या बाबतीत हावरट होते. दुसरा शब्द नाही. तरुणपणी एका सकाळी, कापडाचे गठ्ठे ठेवायच्या मागच्या खोलीत प्रार्थना करताना, देव त्यांच्या अगदी जवळ येऊन गेला. म्हणजे नेमकं काय झालं ते त्यांना कधी धड सांगता आलं नाही. ढसाढसा रडले, आणि उठले तेव्हा इतके हलके झाले होते की त्या दिवशी हातून बाही उलटी जोडली गेली तरी स्वतःवर चिडले नाहीत. तेवढंच. पण चटक लागली.

तेव्हापासून रोज सकाळी ते त्या खोलीत जात आणि आतून कडी लावत. "ओढ जपावी लागते," ते चर्चच्या मंडळीतल्या तरुणांना सांगत. "भूक नसली तरी ताटावर बसायचं. मग लागते." घरात नियम एकच, कडी लागली की दारावर थाप मारायची नाही. घर पेटलं तरी नाही, असं ते हसत म्हणत. बायकोने ते हसणं सोडून दिलं आणि बाकीचं खरं धरलं.

तिने तो नियम संसारभर सांभाळला. मुलगी लहानपणी तापाने फणफणली तेव्हा तिला कडेवर घेऊन एकटीच दवाखान्यात गेली. सकाळी सकाळी गिऱ्हाईक आलं तर ओठांवर बोट ठेवून त्याला पायरीवरच थोपवायची. तिची स्वतःची प्रार्थना भांडी घासताना चालायची, पुटपुटत.

"देवाशी बोलतेस की भांड्यांशी?" मास्तर चिडवत.

"जो ऐकेल त्याच्याशी," ती म्हणायची आणि पुढचं पातेलं ओढायची.

ती जवळीक मात्र पुन्हा आली नाही. मशीनचे पट्टे झिजले, बदलले, मास्तरांची दाढी पांढरी झाली. ते नेमाने आत जात, कोरडे बाहेर येत, आणि मग दिवसभर तोंड वाकडं. बायको काही न विचारता चहा पुढे ठेवायची. एकदाच म्हणाली, "इतकी वाट तुम्ही माझी कधी पाहिली नाहीत हो." मास्तरांनी ते थट्टेवारी नेलं.

मग ती सकाळ आली. गुडघे टेकतात न टेकतात तोच आत काहीतरी सैल झालं. तेच ते. इतक्या वर्षांनी. मास्तरांचा ऊर भरून आला, गालांवरून पाणी वाहू लागलं. त्याच वेळी दाराबाहेर काहीतरी घासल्यासारखं झालं, मग कुणी कण्हल्यासारखं. मास्तरांनी ते ऐकलं. ऐकलं नाही असं ते पुढे कधीही म्हणाले नाहीत. पण देव जवळ आला की सैतान लक्ष उडवायला येतोच, हे त्यांना शिकवलं गेलं होतं आणि त्यांनी दहाजणांना शिकवलं होतं. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले आणि म्हणाले, "प्रभू, आता जाऊ नकोस."

बऱ्याच वेळाने त्यांनी कडी काढली. चेहऱ्यावर हसू होतं, आधी बायकोला सांगायचं होतं. दार पुरतं उघडेना. बाहेर ती दाराला टेकून बसली होती, एक हात छातीवर, मान कलंडलेली. थाप मारली नव्हती.

"जरा वेळेवर आणलं असतं तर..." म्हणून डॉक्टर गप्प झाले. भला माणूस. मुलगी सासरहून धावत आली, ती त्या दिवशी भली नव्हती.

"पप्पा, तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

त्यानंतर तिने त्या घरात पाऊल टाकलं नाही.

मंडळीतले लोक म्हणाले, बाई नशीबवान, प्रार्थनेच्या दाराशी गेली. असल्या गोड बोलण्याला काय म्हणावं! पुढे काही महिन्यांनी पाळकांनी रविवारच्या उपासनेत मास्तरांना साक्ष द्यायला उभं केलं. देवाची रोजची ओढ कशी जपावी, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? मास्तर पुढे गेले, खाकरले.

"त्या सकाळी देव माझ्याजवळ होता," ते म्हणाले. "खोटं सांगत नाही. जन्मभर जे मागितलं ते मिळालं. इतका जवळ होता, की त्याने नुसतं 'ऊठ, दार उघड' म्हटलं असतं तरी मला ऐकू आलं असतं. तो म्हणाला नाही."

ते थांबले.

"म्हणालाही असेल. ते कण्हणं मी सैतानाचं धरलं."

कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू करायला लावलं. मास्तर बाकावर येऊन बसले, तर शेजारचा थोडा दूर सरकला.

दुसऱ्या दिवशी त्यांना जाग आली ती नेहमीच्याच ओढीने. ती ओढ मेली नव्हती. मेली असती तर फार बरं झालं असतं.