गांजा पाहणी अहवाल आणि माझं ग्रीन कार्ड

माझ्या ग्रीन कार्डाच्या फाइलमध्ये पान नंबर एक्केचाळीसवर गांज्याच्या पिकाचा पाहणी अहवाल होता.

गांजा मी लावला नव्हता. अहवालही मी लिहिला नव्हता. (सही मात्र माझी होती. त्याबद्दल पुढे येईलच.)

२००६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा ऑरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ भाड्याच्या घरात राहायचो. तिथली हवा म्हणजे धड थंडी नाही, धड ऊन नाही, आणि सप्टेंबर संपत आला की जी पिरपिर सुरू होते ती थांबायचं नावच घेत नाही. माणसं कंटाळतात, बुरशी मात्र मजेत असते! त्या वर्षी जुलैत माझे सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे कागदोपत्री. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्याची पाहणी केली आणि शेरा मारला, "निगा असमाधानकारक." दुसऱ्या आठवड्यात त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली.

कुंपणापलीकडे वॉल्ट राहायचा. साठीचा, पाठीने पार अधू झालेला. डॉक्टरचा कागद आणि राज्याचं कार्ड घेऊन त्याने परसात औषधापुरती सहा झाडं लावली होती. मला हे दोन वर्षं माहीत होतं, आणि दोन वर्षं मी त्या बाजूची खिडकी उघडली नव्हती. कारण राज्याच्या कायद्याने ते औषध, केंद्राच्या कायद्याने गुन्हा, आणि ग्रीन कार्ड देणार केंद्र!

"जावईबापू, शेजाऱ्याकडे गांजा आहे," बाबांनी जेवताना सांगितलं. आज कोबीची भाजी आहे, अशा सुरात.

मला ठसका लागला. "बाबा, तिकडे बघूसुद्धा नका! आपली केस पेंडिंग आहे."

"मी केस नाही पाहून राहिलो, पीक पाहून राहिलो. बुटकं झाड, रुंद पान, बोंडं गच्च. मिश्र वाण आहे, पण डोंगरी अंश जास्त. लवकर तयार होते, म्हणून या हवेत लावलं त्यानं. डोकं आहे माणसाला. पण गच्च बोंडात पाणी बसते न! आतून सडते सारं."

"सडू दे!"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. लग्नात माझे पाय धुताना जो आदर त्यांच्या चेहऱ्यावर होता, तो त्या क्षणी गेला.

"उभं पीक सडू दे म्हणता?"

शिल्पाने, म्हणजे माझ्या बायकोने, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "जाऊ दे ना रे त्यांना. दिवसभर बोअर होतात यार ते इथे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज सकाळी वॉल्टच्या परसात. बाबांचं इंग्रजी सरकारी, "काइंडली रिमूव्ह लोअर लीव्ह्ज" असलं; आणि वॉल्ट इतका आज्ञाधारक, की काइंडली रिमूव्ह करायचा. झाडांमध्ये अंतर वाढलं, खालची पानं गेली, पाऊस यायच्या आत वर प्लास्टिकचं छप्पर चढलं. मागच्या दोन्ही वर्षी वॉल्टचं निम्मं पीक कुजलं होतं. या वर्षी एकही बोंड गेलं नाही. वॉल्टने बाबांना मिठी मारली. बाबा मिठीत ताठ उभे राहिले आणि नंतर म्हणाले, "आता अहवाल."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण बाबांनी नागपूरहून कार्बन पेपर आणला होता! (अमेरिकेला येताना माणसं पापड आणतात.) एक प्रत शेतकऱ्याला, एक दफ्तरी. सोबत पानाची आकृती, तीही इतकी हुबेहूब, की कुठल्याही पोलिसाने लांबून ओळखावी.

"जावईबापू, पंच म्हणून सही करा इथे. पाहणी पंचासमक्ष लागते."

मी ऑफिसच्या कॉलवर होतो. वाचलं नाही. केली सही.

आणि नोव्हेंबरात मुलाखतीचं पत्र आलं. नोकरीवरून अर्ज करणाऱ्यांना सहसा बोलावत नव्हते. आमचंच नशीब फुटकं. सात वर्षांचे कागद चार खोक्यांत पडले होते. बाबा म्हणाले, "फाइल मी लावतो. तुम्हाला नाही जमणार." मला आनंदच झाला! त्यांनी दोन दिवस बसून पानं लावली, भोकं पाडली, नंबर घातले, लाल शाईत अनुक्रमणिका केली आणि सगळं एका सुतळीत ओवून अशी गाठ मारली, की कृषी खात्यात ती तीस वर्षं सुटली नसती.

मुलाखतीच्या दिवशी वेटिंग रूममध्ये बसल्या बसल्या शिल्पा अनुक्रमणिका वाचत होती. अचानक तिचा आवाज चिरकला.

"अरे, एक्केचाळीस नंबर बघ! 'जावयाचे स्थानिक शेतीस सहकार्य'!"

मी पान उलटलं. गांज्याचं पान माझ्याकडे बघत होतं. खाली पंच म्हणून माझी सही, पूर्ण नावासकट.

मी बाबांना फोन लावला. "बाबा, हे कशाला लावलंत?"

"म्हणजे काय! नुसते टॅक्सचे कागद पाहून कोण कार्ड देईल तुम्हाला? चार चांगली कामं दिसली पाहिजेत न फाइलीत!"

"गाठ सोड," शिल्पा म्हणाली. सुटेना. तिने हेअरपिन घातली, हेअरपिन वाकली. मी दात लावले. समोरचा गार्ड बघायला लागला.

"फाड मग!"

"त्याच्यासमोर? सरकारी इमारतीत पुरावा फाडताना पकडतील आणि थेट विमानात बसवतील!" सात वर्षांची नोकरी, घर, शिल्पाचं अर्धवट शिक्षण, सगळं एका बोंडापायी जाणार होतं. मला खरंच रडू यायला लागलं. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

ऑफिसर बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. टॅक्सचे कागद मागितले. सुटे निघेनात, म्हणून त्यांनी अख्खी फाइल ओढून घेतली आणि पानं उलटायला लागल्या. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

बाई थांबल्या. चित्र बघितलं. मला बघितलं. परत चित्र.

"व्हॉट इज धिस?"

मी शिल्पाकडे वळलो. शिल्पाच म्हणाली, "माय फादर्स, मॅम. ही वॉज अ‍ॅग्रिकल्चर ऑफिसर इन इंडिया. ही... इन्स्पेक्ट्स प्लांट्स. पीपल्स प्लांट्स."

"आय सी." बाईंनी मराठी मजकुरावरून बोट फिरवलं. परक्या भाषेतला कागद केसमध्ये ठेवायचा, तर तीस दिवसांत त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावं लागेल, म्हणाल्या. "डू यू वॉन्ट मी टू कीप इट?"

"नो!!" आम्ही दोघं एका सुरात ओरडलो.

बाईंनी शांतपणे ड्रॉवरमधून कात्री काढली, कच्चकन गाठ कापली आणि पान माझ्या हातात दिलं. "नाइस ड्रॉइंग," म्हणाल्या. आणि पासपोर्टवर शिक्का मारला!

घरी आलो तर बाबा दारातच. "अहवाल पाहिला का मॅडमनी?"

"पाहिला."

"मग?"

"मंजूर झालं, बाबा." माझ्यात आणखी बोलायचं त्राण नव्हतं. तिथेच चुकलो.

कारण जानेवारीत बाबा नागपूरला परतले आणि त्यांनी अख्ख्या खानदानाला सांगितलं, की जावयाला ग्रीन कार्ड गांज्याच्या अहवालावर मिळालं. मागे नागपूरला एका लग्नाला गेलो, तर धरमपेठेतल्या एका काकांनी मला हाताला धरून मंडपाच्या कोपऱ्यात नेलं आणि हळूच विचारलं, "आमच्या बंटीचं कार्ड अडकलं आहे हो. तुम्ही नेमकी किती झाडं लावली होती?"