थाविनकाकांची अंघोळ

"दात पाडला का गं त्यानं?"

"पडला न्हाई. हालतुया."

"मग पडायची वाट बघतीस व्हय? चल माझ्यासंगं बाजारात, कोशिंबिरीची पपई कूट. पपई उलटून तर हानत न्हाई!"

लम्दुआनची बहीण वन्ना भाताची परडी घेऊन न्हाणीच्या दारात उभी होती.

"आधी कारखान्यात कोंबड्या कापत हुते, तवा एक बी कोंबडी माझ्याकडं बघून हसली न्हाई," लम्दुआन म्हणाली. "ह्यो म्हातारा हासतो."

थायलंडातल्या कोराटच्या त्या आश्रमात सगळी भान हरपलेली म्हातारी माणसं; लम्दुआन त्यांना न्हाऊ घालायची. थाविनकाका एकेकाळी रिंगणात कोपर-गुडघ्यांनी लढणारे नावाजलेले गडी. आता घास गिळायचं विसरले, कोपर हाणायचं नाही. एका पोरीची बरगडी मोडली, तिनं काम सोडलं. मोठ्या नर्सबाईंनी आज सांगून टाकलं होतं, "पुन्हा कुणाला लागलं तर खाटेला बांधायचं." बांधलेलं म्हातारं किती टिकतं, ते लम्दुआननं पाहिलं होतं.

थोरांचं डोकं पवित्र, त्याला हात लावायचा म्हणून तिनं आधी हात जोडून परवानगी घेतली. केस धुतले, टॉवेल गुंडाळला. काका डोळे मिटून पुटपुटायला लागले. केस पुसायला तिनं टॉवेल ओढला आणि कोपर थेट जबड्यावर बसलं. दात उडाला. ती फरशीवर आपटली.

"मेली गं माझी बया!" वन्ना किंचाळली.

वरून गुडघा आला, खांद्यावर बसला. दुसरा उचलला, तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लढतीआधी गुरू गड्याच्या डोक्यावरचा मंतरलेला गोफ काढतो. गोफ निघाला की मारामारी सुरू! जत्रेत लहानपणापासून पाहिलेलं, आणि रोज आपणच ह्यांच्या डोक्यावरून टॉवेल ओढतोय.

तिनं पत्र्याचं भांडं नळावर आपटलं, फेरी संपल्याच्या घंटेसारखं. ठण्ण!

काकांचे हात खाली आले. ते निमूट कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि तोंड उघडलं. तिनं पाणी पाजलं, पोटऱ्या चोळता चोळता साबणही लावला.

"गुरू, जिंकतुय न्हवं मी?"

"तर काय! त्यो पार लोळलाय."

किंकाळी ऐकून नर्सबाई बांधायच्या कापडी पट्ट्या घेऊन आल्या. "रक्त कसलं?"

लम्दुआननं तोंडातलं रक्त गिळलं. "साबनावरनं घसरले, बाई."

"हो, पायच निसटला," वन्ना म्हणाली, आणि बहिणीकडं खाऊ की गिळू असं बघत राहिली.

बाई पट्ट्या घेऊन गेल्या. लम्दुआननं काकांच्या डोक्याला कोरडा टॉवेल बांधला, तो तसाच ठेवला. मग तोंड खळखळून धुतलं आणि पुढच्या म्हातारीला न्हाऊ घालायला बादली भरायला लागली.