रस्त्याला आणि ट्रॅकला एकच ब्रेक पॅड: आसनगाव ते धसई, शेजारच्या सीटवरून

आधीच सांगते, मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि माझी नात सायली टाइप करते. मध्येच तिची बोटं थांबली की मी समजते, तिच्याबद्दल काहीतरी खरं बोलून गेले.

जायचं ठरलं ते भांडणातून. मुरबाडच्या पुढे माळावर कुणी हौशी माणसाने गाड्या पळवायचा ट्रॅक केला आहे. रविवारी पैसे भरायचे, डोक्यावर हेल्मेट घालायचं आणि आपली रोजचीच गाडी पाहिजे तशी पळवायची. समोरून कुणी येत नाही, म्हैस आडवी जात नाही, सांगायला शिकवणारा माणूस असतो. याला ट्रॅक डे म्हणतात. सायलीने वर्षभर त्याचा ध्यास घेतला होता. तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या रमेशचं म्हणणं वेगळं. गाडी एकच. त्याच लाल गाडीतून ती रोज आसनगावहून पडघ्याच्या गोदामात कामाला जाते आणि त्याच गाडीतून मला गुडघे दाखवायला कल्याणला नेते.

"रविवारी तिकडे ब्रेक जाळून येशील आणि सोमवारी त्याच ब्रेकवर हायवेला लागशील," रमेश म्हणाला.

"म्हणून तर नवे पॅड टाकतेय ना, बाबा."

दोघांचे आवाज चढले, तशी मी मटार सोलायचं थांबवलं. शेवटी रमेशने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि तिच्या नाही, माझ्या हातात दिली. "आजीला शेजारी बसवून ने. परत आल्यावर आजी म्हणाली काळजी नाय, तर पुढेही खुशाल जा. आजी नाय म्हणाली तर ट्रॅक बंद."

सायलीने त्या दिवसापासून माझ्या चहात साखर वाढवली.

आता पॅड म्हणजे काय ते सांगते, कारण शनिवारी सकाळी शहापूरच्या गॅरेजात मला ते समजून घ्यावं लागलं. चाकाबरोबर लोखंडाची थाळी फिरते. ब्रेक दाबला की दोन वड्या दोन्ही बाजूंनी ती थाळी चिमटीत धरतात. त्या वड्या म्हणजे पॅड. रोजच्या गाडीला येतात ते मऊ. सकाळी थंड असतानाही लगेच धरतात, आवाज करत नाहीत. पण सारखे जोरात दाबून तापले की त्यांची पकड सुटते. शर्यतीचे असतात ते कडक. तापले की जळवेसारखे धरतात, पण थंड असताना त्यांना जागच येत नाही, शिवाय थाळी झिजवतात. गावातल्या रस्त्यावर कोंबडी आडवी आली तर कोंबडी थांबेल का पॅड तापायला?

सायलीने मधले घेतले. थंडही धरणारे, तापही सोसणारे. किंमत नेहमीच्या पॅडच्या दुपटीहून जास्त. बरोबर ब्रेकचं ऑइलही बदललं. ते जुनं झालं की गरम होऊन उकळतं आणि पायाखालचा ब्रेक पोकळ होतो, म्हणून ट्रॅकला जायचं तर हा खर्च टाळू नका. गॅरेजवाला जुने पॅड कचऱ्यात टाकायला निघाला, ते मी मागून घेतले. अजून अर्धे शिल्लक होते. पैसे देऊन घेतलेली वस्तू अर्धी असताना कोण टाकतं? माझ्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून मागच्या डिकीत ठेवले. सायली हसली. हसू दे.

शहापूरला पेट्रोल भरून घ्या, वडापावही तिथेच खा. पुढे किन्हवलीपर्यंत रस्ता चांगला आहे, नंतर मध्येमध्ये खड्डे लागतात, पण दोन्ही बाजूला सागाची झाडं आणि कापणी झालेली खाचरं, त्यामुळे हळू गेल्याचं दुःख होत नाही. किन्हवलीच्या पुढे मोकळा पट्टा आला तशी सायली म्हणाली, "आजी, घट्ट धर. पॅड मुरवायचेत."

मातीचा नवा तवा आणला की आपण पहिल्या दिवशी त्यावर भाकरी टाकतो का? आधी तो हळूहळू तापवतो, निववतो. तसंच हे. मागेपुढे कुणी नाही बघून गाडी वेगात न्यायची, ब्रेक दाबून वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, परत वेगात. असं बरेचदा. मग ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी चालवत निवू द्यायची. माझ्या मांडीवर लाडवांचा डबा होता. तो प्रत्येक ब्रेकला काचेकडे निघायचा आणि मी त्याला ओढून आणायचे. मागून एक मोटारसायकलवाला आला, थोडा वेळ बघत राहिला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "आजी, पोरीला गाडी येत नाय काय?"

"येते रे बाबा. थांबायचं शिकते आहे."

"मंग उतरा तुमी, मी सोडतो."

सायलीने काच वर केली आणि गाडी पुढे काढली.

सरळगावला चहा घेतला, बरा होता, आणि तिथून धसईला वळलो. धसई माझं माहेर, आणि ट्रॅक तिथून जवळ, म्हणून रात्रीचा मुक्काम तिथेच. बाजाराचा दिवस नव्हता तरी नाक्यावर वांगी, पावट्याच्या शेंगांचे ढीग होते. माझा धाकटा भाऊ गणपा तिथेच राहतो. वय झालं तरी घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त करायचा त्याचा हात काही थांबत नाही. आणि नेमकं त्याच्या गल्लीत शिरताना नवे पॅड ओरडायला लागले. रोजच्यापेक्षा कडक पॅड हळू चालताना असे किंचाळतात, त्यात बिघाड काही नसतो. पण ते गल्लीला कोण सांगणार? कोंबड्या पळाल्या, बायका दारात आल्या.

"बाय, तुझी गाडी रडत रडत माहेरी आली काय गो?" गणपा अंगणातूनच म्हणाला.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. त्यासाठी कुणी मुद्दाम धसईला यायचं म्हणालं तर मी अडवणार नाही. जेवताना सायलीने गणपाला पॅडची सगळी कथा सांगितली. गणपाने तरुणपणी शर्यतीची बैलजोडी ठेवली होती, त्याला पटकन कळलं.

"पण पोरी, शर्यतीची खोंडं आमी कधी नांगराला नाय जुंपली. नांगराची जोडी वेगळी."

"बरोबर आहे मामाआजोबा. जे दर महिन्याला ट्रॅकवर जातात ते दोन सेट ठेवतात. तिथे गेल्यावर बदलतात, येताना परत बदलतात. मी वर्षातून दोनदा जाणार. मला एकाच जोडीवर दोन्ही भागवायचंय."

"आनि ते रडणं?"

"ते चालायचंच."

गणपा गप्प बसला. तो गप्प बसला की मला धास्ती वाटायला हवी होती. पण बिरडं जास्त झालं होतं.

रविवारी सकाळी चांगलीच थंडी होती. सायली लवकर तयार. केस घट्ट बांधलेले, तोंडावर अशी चमक की मीच दोनदा वळून बघितलं. गाडी चालू केली, अंगणातून फाटकाकडे हळूच घेतली, ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. पुन्हा दाबला. गाडी सावकाश, अगदी पाहुण्यासारखी, पुढेच निघाली. सायलीने स्टिअरिंग वळवून हँडब्रेक ओढला आणि गाडीचं नाक गणपाच्या भाताच्या पेंढ्याच्या उडव्यात, म्हणजे रचलेल्या गंजीत, शिरलं. लागलं कुणाला काही नाही. समोर काचेवर सगळा पेंढा.

गणपा धावत आला. आणि काय म्हणाला? "आवाज गेला ना पण?"

पहाटे उठून त्याने कोंबडीचं पीस तेलात बुडवलं होतं आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या जाळीतून आतल्या थाळीला मायेने तेल लावलं होतं. बैलगाडीचा आस कुरकुरला की लावायचे, तसं. बहिणीची गाडी गल्लीतून रडत जाऊ नये म्हणून.

मी त्याला काय काय बोलले ते सायली टाइप करत नाही. त्याची बायको दारातून म्हणाली, "वन्सं, परवा मिक्सरलापन यांनी असंच पाजलं. त्याची चटणी अजून खातोय."

सायली ओरडली नाही. चाकाशी बसून तिने बोट फिरवलं, वास घेतला. "पॅड तेल प्यायले, आजी. आता हे गेले." मग मागच्या हौदाशी जाऊन तोंड धूत बसली. बराच वेळ. तोंड धुवायला एवढा वेळ लागत नाही, हे गणपालाही कळलं. तो नुसता उभा राहिला, पीस हातातच.

तेवढ्यात रमेशचा फोन. "आई, पोचलात? गाडी थांबते ना नीट?"

मी उडव्यातल्या गाडीकडे बघितलं. "घरी येऊन सांगते," म्हटलं आणि लाल बटण दाबलं. ते मला येतं.

मग मी डिकीतून पातळाचं गाठोडं काढलं. सायली जुन्या पॅडकडे बघत राहिली. या वेळी हसली नाही. गणपा मोटारसायकल काढून बाजारातून थाळी धुवायचा फवारा घेऊन आला, कुणी न सांगता दोन डबे. सायलीने जॅक लावला, चाकं उतरवली, तेल धुऊन काढलं, परत धुतलं, थाळीवर कापड फिरवून कापड बघितलं, आणि जुने पॅड बसवले. गणपाने एकेक नट मुठीत धरून ठेवला. त्याला दुसरं काही करायची परवानगी नव्हती. नंतर गल्लीत गाडी पुढे-मागे करून तिने परत परत थांबवून बघितली. आवाज नाही, आणि जागेवर थांबत होती.

"आजी, घरी जायचं की ट्रॅकवर?"

"मला काय विचारतेस? पाय तुझा आहे."

"हे साधे पॅड आहेत. रस्त्याला ठीक. तिकडे तापले तर सोडतील."

"मग तूच ठरव किती तापवायचे."

ट्रॅकवर पोचेपर्यंत उशीर झाला होता, तरी नाव घेतलं. चौकशी करणाऱ्यांसाठी सांगते: बाया-माणसांना बसायला ताडपत्रीचा मांडव आहे, जेवण घरून न्या, तिथला पुलाव माझ्याच्याने गिळला नाही. सायलीने शिकवणाऱ्या माणसाला तेलाचं, पेंढ्याचं सगळं सांगून टाकलं. त्याने चाकं बघितली, ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाला, "सावकाशवाल्या गटात जा. पायाखाली काही बदललं तर लगेच बाहेर."

मी मांडवात. आणि ती निघाली. काय सांगू! रोज मला कल्याणला नेताना गतिरोधकावर 'आजी सांभाळ' म्हणणारी पोरगी ती हीच का? वळणाआधी ब्रेक, वळण, आणि बाहेर पडताना गाडी अशी सुटायची की मी मांडवात बसून लाडवांचा डबा घट्ट धरायचे. मला भीती वाटली आणि हेवाही. बाजूच्या गाड्या तिला मागे टाकून जात होत्या. मला माझी नात माहीत आहे, भातुकलीतही ती मागे राहिलेली नाही. म्हटलं, आता ही ऐकायची नाही.

थोड्याच फेऱ्या झाल्या आणि लाल गाडी बाजूच्या वाटेने हळू बाहेर आली. कुणी झेंडा दाखवला नव्हता.

"काय झालं?"

"ब्रेकचं पॅडल खोल जायला लागलं, आजी. वासही येतोय." तिने हेल्मेट काढलं.

शेजारचा एक पोरगा म्हणाला, "अगं, अजून अर्धा वेळ बाकी आहे. एवढ्याने काही होत नाही."

"तुझ्या गाडीतून तुझी आजी घरी जायची आहे का?" सायली म्हणाली. तो गेला. "आजी, चाकाला दगड लाव. तापलेल्या गाडीला हँडब्रेक ओढत नाहीत."

दगड मी आधीच हेरून ठेवला होता. बैलगाडीच्या चाकाला लावायचे तसाच, तिरका. मग आम्ही दोघी मांडवात बसून लाडू खाल्ले आणि दुसऱ्यांच्या गाड्या पळताना बघितल्या. गाडी चांगली गार झाल्यावर शिकवणाऱ्या माणसाने ब्रेक परत तपासून दिला, पॅडल वर आलं होतं. सायलीने मांडवापुढे थांबवून खात्री केली, तेव्हाच मी आत बसले. उजेड असताना, किन्हवलीवरूनच, हळू आलो.

रमेश दारातच होता. त्याने आधी मला बघितलं, मग गाडीला. खाली वाकला. "हा पेंढा कसला?"

मी तोंड उघडणार, तोवर सायलीनेच सुरुवात केली. पॅड, आवाज, तेल, उडवा, जुने पॅड, ट्रॅक, वास. एकही गोष्ट गाळली नाही. उतरताना सायलीने दिलेली किल्ली मी मुठीत धरून होते. मला वाटलं, गेली पोरीची हौस.

रमेश माझ्याकडे वळला. "आई, तू सांग."

"मी काय सांगू? पैसे भरलेले, अर्धा वेळ बाकी, सगळे पुढे जातायत, आणि ही आपणहून बाहेर आली. तू हिच्या वयाचा असतास तर आला असतास का रे?"

रमेश गाडीपुढे उकिडवा बसला आणि पुढच्या जाळीतल्या पेंढ्याच्या काड्या एकेक करून ओढून काढायला लागला. बऱ्याच निघाल्या. हात झटकत उठला, माझ्या मुठीतून किल्ली घेतली, आत गेला. खिळ्यावर किल्ली अडकवल्याचा आवाज आला.

आतूनच म्हणाला, "मग आता कुठले पॅड टाकणार?"

"तेच. मधले," सायली म्हणाली. "ट्रॅकच्या आधी. तोवर नवा साधा सेट, रस्त्यासाठी; हे जुने आता जळलेत."

तर मंडळी, तुमचंही एकाच गाडीवर घर आणि हौस चालत असेल तर ट्रॅकच्या आधी मधले घ्या, ब्रेक ऑइल बदला, मुरवल्याशिवाय पळवू नका, आणि जुने अर्धे शिल्लक असतील तर जवळ ठेवा. आवाजाला घाबरू नका. गणपा अजून फोन करतो, आधी माझी तब्येत विचारतो आणि मग हळूच विचारतो, गाडीचं कसं आहे. धसईला मुक्काम करणार असाल तर खुशाल करा, बिरडं खा. फक्त रात्री चारी चाकांवर गोणपाट टाकून निजा.