नाला सांगायला आलेली बाई

आमच्या भागाच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला आणि हरकतींच्या सुनावणीला माझी ड्युटी लागली. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी नियोजनाचं काम करते. लोकांनी समितीसमोर बोलायचं आणि त्यांचं म्हणणं मी एका ओळीत तक्त्यात भरायचं, एवढंच काम होतं. समितीची शिफारस पुढे त्या ओळीवरच होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुहीकडच्या एका गावातली बाई आली. पन्नाशीची असेल. गावातून ती एकटीच आली होती. धानाची रोवणी सुरू होती म्हणून बाकीच्यांनी तिलाच पाठवलं होतं. हातातल्या अर्जावर ‘रस्त्याबाबत हरकत’ एवढंच लिहिलेलं होतं. समितीतले दोघं जेवायला गेले होते, तिसरे फोनवर होते. ती माझ्याच टेबलाशी आली आणि भिंतीवरच्या नकाशातल्या नव्या रस्त्यावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, मी रस्त्याले नाही म्हणून नाही राहिली. रस्ता पाहिजेच. पण इथून नाला जाते. तुमच्या नकाशात तो दिसूनच नाही राहिला. उन्हाळ्यात कोरडा राह्यते, पावसाळ्यात कमरेइतकं पाणी. रस्त्याखालून पाण्याले वाट ठेवा, नाही तर आमच्या बांध्या बुडतीन.”

तिचा शब्दन् शब्द मला कळला होता. माझं माहेर मौद्याकडचं, वडील अजून धान लावतात. रस्त्यासाठी मातीचा भराव टाकला की वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कसं तुंबतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी शहरातल्या मराठीत, जरा तुटकपणेच म्हटलं, “मावशी, हरकत नेमकी काय? रस्त्याला विरोध आहे का?”

“विरोध नाही वं बाई. लिहून घ्या ना, नाला आहे म्हणून.”

“घेतलं,” मी म्हटलं.

तक्त्यात हरकतीचे ठरावीक प्रकार होते. ‘पाण्याला वाट’ असा प्रकार त्यात नव्हता. शेरा लिहायला जागा होती, पण बाहेर रांग होती, मला भूक लागली होती. मी ‘रस्त्यास विरोध’ हा प्रकार टाकला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. जाताना तिनं हात जोडले होते. महिनाभरानं समितीनं ‘रस्त्यास विरोध’च्या सगळ्या हरकती एकगठ्ठा अमान्य केल्या. यादी मीच वाचून दाखवली.

रस्ता झाला. त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात भरावाच्या वरच्या अंगाला पाणी साचलं आणि धान सडलं. तक्रारी झाल्या आणि विधिमंडळाची एक समिती चौकशीला नागपुरात आली. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, “सुनावणीत या नाल्याबद्दल कोणी बोललं होतं का?” आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“रेकॉर्डवर तसं काही नाही, सर,” मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. ते खरं ठरेल अशी सोय मीच केली होती. साहेबांनी बाहेर आल्यावर ‘छान उत्तर दिलं’ म्हटलं, तेव्हा माझे कान गरम झाले. घरी कोणालाच सांगितलं नाही. दोन आठवडे तसेच गेले. मग एका रविवारी तिच्या अर्जावरचा पत्ता घेऊन मी कुहीची बस धरली.

ती अंगणात तांदूळ निवडत होती. मला तिनं लगेच ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: काय ऐकलं, काय लिहिलं, चौकशीच्या समितीसमोर काय बोलले. ती रागावेल अशी तयारी मी केली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“मंग मी बोलली होती,” ती म्हणाली. “बोलली होती ना मी?”

“हो, मावशी.”

“गाववाले म्हणतात, तू तिथं जाऊन गप बसली. मोठ्या लोकांले पाहून भेली. माहा दीर तर अजून बोलत नाही माह्याशी. मलेच वाटाले लागलं होतं का मी खरंच बोलली का नाही.”

ही गोष्ट माझ्या मनात कधी आलीच नव्हती. मी बुडालेल्या धानाचाच विचार करत होते.

“आता एवढं कर,” ती उठत म्हणाली. “हे लोकांसमोर सांग.”

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली, तिचा दीरही आला. मी सांगितलं. कोणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, “मंग त्या टायमाले काहून नाही लिहिलं, बाई?”

“घाई होती,” मी म्हणाले. दीर उठून गेला. तिच्याकडे त्यानं पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही. माझी मान खाली होती.

सोमवारी मी विधिमंडळाच्या समितीला लेखी कळवलं की नाल्याची हरकत तोंडी आली होती आणि ती मी नोंदवली नाही. मला नोटीस मिळाली, एक वेतनवाढ थांबली. साहेब अजून कामापुरतंच बोलतात. समितीनं रस्त्याखाली मोरी बांधायची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी सिमेंटचे दोन पाईप बसले. एक जरा उंचावर बसलाय, त्यामुळे कोपऱ्यातल्या दोन बांध्यांत अजून पाणी थांबतं. त्यातली एक तिची आहे.

आता सुनावणीत मी लिहिलेली ओळ प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवते. लोकांना बरं वाटतं, कोणी कोणी आभार मानतात. मी मान हलवते आणि पुढचं नाव पुकारते.