भागरथाबाईंची नोंद

भागरथाबाई समोरच्याला नमस्कार करण्याआधी त्याची नखे पाहत. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी सिंदेवाहीच्या तहसिलीसमोर चिंचेखाली अर्जनवीस म्हणून बसत असे. तेथे त्या प्रथम आल्या आणि माझी शाईने काळी झालेली नखे न्याहाळून म्हणाल्या, "हात धुऊन या, भाऊ. मंग माह्या नावाले हात लावा." माझे अक्षर तालुक्यात नावाजलेले होते; तरीही मी उठून नळावर गेलो.

आपल्या गावात त्या वर्षानुवर्षे सुईणपण करीत. नाळ कापण्याचे ब्लेड उकळावे, हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजावे, हे त्यांनी घरोघर शिकविले होते. परंतु आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते. त्यामुळे त्यांनी चिठ्ठी देऊन पाठविलेली एक अडलेली बाळंतीण तासभर दारातच तिष्ठत राहिली. ती वाचली, पण तो तास भागरथाबाईंच्या मनातून जाईना. नोंदवहीत नाव चढावे, म्हणून त्यांना अर्ज हवा होता.

मी रीतीप्रमाणे मायना घातला : अर्जदार गरीब, अडाणी व निराधार असून मायबाप सरकारने दया करावी. याखेरीज अर्ज हलत नाही, असा माझा अनुभव. वाचून दाखविताच त्यांनी कागद काढून घेतला.

"मी कोनती निराधार? अर्धं गाव माह्या हातावर जन्मलं. दया काऊन मागून राह्यले तुमी? काम लिवा."

मी काम लिहिले. दोन ताव भरले.

अर्ज घेऊन आम्ही दोघे आरोग्य केंद्रात गेलो. तेथल्या डॉक्टरसाहेबांनी तो वाचून सातवीचा दाखला मागितला. तो नव्हता. भागरथाबाईंनी पिशवीतून मीठ-साखर काढली, टेबलावरच्या उकळलेल्या पाण्यात कालवली आणि पेला पुढे करताना साहेबांची नखे पाहिली.

"पयले हात धुवा, साहेब. मंग चाखा. आसवाहून खारं लागलं तर माहं नाव नका लिवू."

साहेब खरोखरच उठले, हात धुऊन आले आणि त्यांनी ते पाणी चाखले. मग त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. एकही उत्तर अडले नाही. अखेर नोंदवही उघडली गेली. शिक्षणाच्या रकान्यात 'अनुभवाने' असे पडले. तो शब्द मी सुचविला, हे येथे नमूद करतो.

पुढे त्यांच्या चिठ्ठीवर गेलेल्या बाळंतिणीला कोणी दारात थांबविले नाही.

भागरथाबाई आता नाहीत. 'निराधार' हा शब्द मी अर्जदाराला विचारल्यावाचून लिहीत नाही, आणि कोणाचेही नाव लिहिण्यापूर्वी नळावर जाऊन येतो.